तिसऱ्या ट्रेमधली रोपं

रोपाला त्रास होतोय की नाही हे बघायची आमच्या प्रयोगशाळेत एक रीत आहे. त्याचं एक पान खुडायचं, रंगाच्या द्रावणात बुडवून रात्रभर अंधारात ठेवायचं आणि सकाळी अल्कोहोलमध्ये उकळायचं. हिरवा रंग निघून जातो. पान भिजलेल्या टिश्यू पेपरसारखं पांढुरकं होतं. त्या पांढऱ्यावर जिथे तपकिरी डाग उरतात, तिथे पानाने हायड्रोजन पेरॉक्साइड तयार केलेलं असतं. तेच, जे औषधाच्या दुकानात बाटलीत मिळतं आणि खरचटलेल्या गुडघ्यावर घातलं की फसफसतं. पाणी तुटलं, ऊन फार झालं, किडीने कुरतडलं, की पान ते आपलं आपणच बनवतं. त्याच्या जोडीला नायट्रिक ऑक्साइडही बनवतं. ते बघायला दुसरा रंग लागतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली ते हिरवं चमकतं.

कॉलेजात आम्हाला शिकवलं होतं की हे रेणू म्हणजे पेशींचे वैरी. दिसेल त्याला चावत सुटतात, पेशींच्या भिंती जाळतात. परीक्षेत मी त्यांच्या दुष्परिणामांवर पानंच्या पानं लिहून काढली होती. त्यामुळे आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी या वेळचा प्रयोग समजावून दिला, तेव्हा तिसरा ट्रे जिंकणार याबद्दल माझ्या मनात काडीची शंका नव्हती.

प्रयोग टोमॅटोच्या रोपांवर होता. पहिल्या ट्रेला रोज पाणी. दुसऱ्याचं पाणी तोडायचं. तिसऱ्याचंही तोडायचं, पण त्याच्या पानांवर रोज सकाळी एक फवारा मारायचा, ज्यातली औषधं हे दोन्ही रेणू तयार झाल्या झाल्या टिपून घेतात. बाकीच्या दोन ट्रेंना नुसत्या पाण्याचा तेवढाच बारीक फवारा, म्हणजे कोणी म्हणायला नको की एकाचेच लाड केले. फवारायचं, कुंड्यांची वजनं करायची आणि पानं खुडून उकळायची, हे काम माझं. माझ्या जोडीला आमचा संशोधक विद्यार्थी होता. तो माझ्याहून लहान, पण रोपं वाढवायच्या खोलीत, ग्रोथ रूमच्या गारव्यात स्वेटर, कानटोपी आणि मोजे घालून वावरतो म्हणून सगळे त्याला आजोबा म्हणतात. आता तो स्वतःही फोनवर आपली ओळख तशीच करून देतो.

मुलीला पाळणाघरात ठेवायला सुरुवात केली तीही त्याच सुमाराला. मुलगी पावणेदोन वर्षांची. घरात तिला ढब्बू म्हणतात, आणि तिच्याकडे पाहिलं की का म्हणतात ते कोणी विचारत नाही. तोपर्यंत तिला सासूबाई सांभाळायच्या. मग नणंदेचे दिवस भरत आले आणि त्या तिकडे गेल्या. जाताना म्हणाल्या, काही काळजी करू नकोस, मुलं आईपेक्षा लवकर रुळतात. ते खरं असेल. मी मात्र रुळण्यातली नाही. ढब्बू जन्मली तेव्हापासून माझा अर्धा जीव तिच्या श्वासाकडे असतो. दूध उतू जातंय का, दाराला कडी आहे का, तिच्या मुठीत बटण तर नाही ना. नवरा म्हणतो, तुला पगार देऊन राखणदार ठेवलं असतं तरी तू इतकं पाहिलं नसतंस.

पाळणाघर आमच्या गल्लीच्या टोकाला, एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर आहे. स्वच्छ, हवेशीर, खिडक्यांना जाळ्या. मी सगळं तपासून घेतलं होतं. चालवणाऱ्या काकू मायाळू आहेत, पण त्यांचा एक नियम पक्का. आईने निरोप घ्यायचा नाही. मूल ठोकळ्यांत रमलं की हळूच सटकायचं, मागे वळून बघायचं नाही. निरोप घेतला की एक रडतं, त्याचं बघून दुसरं, आणि मग तासभर नुसता बाजार. हा नियम त्या नव्या आईला पहिल्याच दिवशी जिन्यातच सांगतात.

मी सटकले. पहिल्या दिवशी जिन्याच्या वळणावर असतानाच वरून तिचा आवाज आला. माझी पावलं जिन्याला खिळली. काकूंनी वरूनच हाताने जा जा केलं. दुसऱ्या, तिसऱ्या दिवशीही तेच. मी प्रयोगशाळेत पोहोचायचे तेव्हा कानात तोच टाहो असायचा, आणि फवारा मारताना कुठल्या ओळीपर्यंत आले ते विसरायला व्हायचं. मग एका सकाळी जिन्यात आवाज आला नाही. त्यानंतरही नाही.

काकू खूश झाल्या. शहाणी आहे हो तुमची, म्हणाल्या, काहींना महिना महिना लागतो. नवऱ्याने सासूबाईंना फोन करून सांगितलं, माझ्या आईने मला फोन करून अभिनंदन केलं, जणू मीच काहीतरी पास झाले होते. मलाही हायसं वाटलं, हे नाकारत नाही.

इकडे तिसऱ्या ट्रेचंही छान चाललं होतं. दुसऱ्या ट्रेची रोपं पाणी तुटल्यावर लगेच कुरकुरायला लागली. पानांच्या कडा आत वळल्या, रंग उतरला, देठ मान टाकल्यासारखे. उकळलेल्या पानांवर तपकिरी डागांची दाटी, चहाच्या कपाखालच्या कागदासारखी. तिसरा ट्रे मात्र ताठ. पानं पसरलेली, हिरवीगार, आणि उकळल्यावर पांढरी स्वच्छ. आजोबा म्हणाला, ताई, याला म्हणतात संस्कार. आम्ही हसलो. त्या ट्रेला आम्ही आपसांत शहाणा ट्रे म्हणू लागलो. पाळणाघरातून उचललेला शब्द होता तो, आणि मीच आणला होता.

एक गोष्ट तेवढी बसत नव्हती. तिसऱ्या ट्रेच्या कुंड्या दुसऱ्यापेक्षा लवकर हलक्या होत होत्या. कुंडीचं वजन उतरतं ते पाण्याचं. मग जी रोपं मजेत दिसतात त्यांचं पाणी जास्त कसं जाईल? मी आजोबाला म्हटलं, काटा बिघडलाय. त्याने काट्याला हलकीशी टपली मारली आणि तोही म्हणाला, काटाच. आम्ही प्रमाण वजनं आणून काटा जुळवला. तो मुळात बरोबरच होता, तरी जुळवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच झालं, तेव्हा आम्ही खोलीतल्या पंख्याला दोष दिला आणि ट्रेंच्या जागा बदलल्या.

त्याच दिवशी संध्याकाळी ढब्बू घरात पळता पळता घसरली. बैठ्या टेबलाच्या कडेवर तिचं तोंड आपटलं. आवाज असा झाला की मी ओट्यापासून धावत आले. तिच्या खालच्या ओठातून रक्त येत होतं. ती उठून बसली. तिने माझ्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं. मग जिभेने ओठ चाटला, टेबलाला धरून उभी राहिली आणि चालायला लागली.

नवरा कौतुकाने म्हणाला, काय धीट झालीय बघ.

मी तिला उचलून ओठावर बर्फ धरला. बर्फालाही ती काही म्हणाली नाही. एरवी नखं कापायची म्हटलं तरी घर डोक्यावर घेणारी मुलगी. मग मी आठवायला लागले. संध्याकाळी मी आणायला जाते तेव्हा ती दाराशी पळत येत नाही, काकू उचलून देतात तशी माझ्या कडेवर येते. समोर ठेवलेलं खाते, आडवं केलं की झोपते. माझी पर्स उचलली की पूर्वी पायाला मिठी मारायची, आता नुसती बघते. हे सगळं मी रोज पाहत होते. पाहून काय करत होते? दमली असेल, म्हणत होते. दात येत असतील, म्हणत होते.

नवऱ्याला सांगितलं तर तो चिडला नाही, पण सुस्कारा सोडला. म्हणाला, "रडत होती तेव्हाही तुला त्रास, रडत नाही तेव्हाही त्रास. तिने नक्की काय करावं ते एकदा लिहून दे, मी तिला वाचून दाखवतो."

मी काळजी करणारी म्हणून घरात प्रसिद्धच. ज्या माणसाला रोजच लांडगा दिसतो, त्याने आज आला म्हटलं तर कोण उठणार?

रविवारची सुट्टी संपवून कामावर गेले त्या सकाळी ग्रोथ रूमचे दिवे लावले आणि दारातच थांबले. तिसरा ट्रे आडवा झाला होता. कोमेजला म्हणत नाही मी. कोमेजणं टप्प्याटप्प्याने होतं, त्याची सवय असते. ही रोपं दोन दिवसांपूर्वी ताठ उभी होती आणि आता देठ कुंडीच्या कडेवरून ओल्या दोऱ्यांसारखे लोंबत होते. पानं अजून हिरवीच. शेजारी दुसरा ट्रे तसाच कुरूप, चुरगळलेला, पण उभा.

ठरल्याप्रमाणे त्या दिवशी सगळ्यांना पाणी द्यायचं होतं. दिलं. संध्याकाळपर्यंत दुसऱ्या ट्रेने माना वर केल्या, एकेक पान उलगडलं. तिसऱ्यातल्या एकाही रोपाने हालचाल केली नाही. आजोबाने कानटोपी काढली. नंतर तो म्हणाला की डोकं खाजत होतं, पण त्या वेळी ते फार गंभीर दिसलं.

मॅडम आल्या. मॅडम निवृत्तीला आलेल्या, बारीक चणीच्या, आवाज कधी न चढवणाऱ्या. त्यांनी ट्रेकडे नुसती नजर टाकली आणि विचारलं की पाणी देण्याआधी कुंड्या हातात घेऊन पाहिल्या होत्या का. आम्ही काट्याची कथा सांगितली. टपली, प्रमाण वजनं, पंखा, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे काटा खरं सांगत होता, म्हणून तुम्ही काट्यालाच शिक्षा केलीत," त्या म्हणाल्या. "रोपं छान दिसत होती म्हणून."

आजोबाने मोज्यांकडे पाहिलं.

मग त्यांनी स्टूल ओढलं आणि समजावून सांगितलं. माती सुकली हे आधी मुळांना कळतं. तिथून वर्दी निघते ती वरपर्यंत जाते, आणि पानात पोहोचल्यावर तिचं काम पुढे नेणारे हेच रेणू, तपकिरी डागवाले आणि हिरवे चमकणारे. ते आले की पानांवरची बारीक बारीक तोंडं, पर्णरंध्रं, मिटतात. मिटली की पाणी बाहेर जायचं थांबतं. पान आवळतं, वाईट दिसतं, पण पाणी राखतं. तिसऱ्या ट्रेमध्ये ती वर्दी मी रोज सकाळी, नेमाने, एकही पान न चुकवता पुसत होते. त्या रोपांना संकट आल्याचं कळलंच नाही. त्यांची तोंडं उघडीच राहिली आणि ती शेवटच्या थेंबापर्यंत पाणी सोडत राहिली, ताठ मानेने.

मी विचारलं, "मग आम्हाला कॉलेजात शिकवलं ते? हे रेणू जाळतात, ते?"

"जाळतातच. फार झाले, फार वेळ राहिले, की जाळतात. आज पाणी दिलंच नसतंस तर दुसरा ट्रेही गेला असता, डागांसकट. नुसती वर्दी देऊन रोप वाचत नाही गं. वर्दीनंतर काहीतरी घडावं लागतं."

मॅडमना निकालाचा अंदाज होता, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं. प्रयोग वाया गेला नव्हता, उलट हवं तेच हाती लागलं होतं. वजनंही आम्ही लिहिली होती, भले त्यांच्यावर विश्वास ठेवला नसेल. त्या गेल्यावर आजोबा ट्रे धुवायला घेऊन गेला. मी हात धूत बेसिनपाशी उभी राहिले.

मी काही इतकी खुळी नाही की टोमॅटोच्या ट्रेवरून मूल वाढवावं. मुलाला मुळं नसतात, पर्णरंध्रं नसतात, आणि पाळणाघर म्हणजे दुष्काळ नव्हे. काकू प्रेमाने भरवतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण गेले काही दिवस माझ्या घरातही एक काटा काहीतरी सांगत होता आणि मी त्याला टपल्या मारत होते. आणि दुसरं असं की सटकणारी मी होते. आई आहे म्हणून ती ठोकळ्यांत मान घालायची, आणि मान वर करायची तेव्हा आई नसायची. आधी ती त्याबद्दल ओरडली. ओरडण्याने काहीच घडलं नाही. मग तिने ते सोडून दिलं. यात शहाणपण कुठलं आलं?

घरी जाऊन नवऱ्याला प्रयोग सांगितला. तो जेवता जेवता थांबला. त्याने पहिल्यांदा विचारलं ते असं की मग आता तिला घरी ठेवायचं का, मी रजा काढू का. मला ते अपेक्षित नव्हतं. मी म्हटलं, नको, पाळणाघर सोडायचं नाही. मला फक्त तिला सांगून जायचंय. तो म्हणाला, काकू तुला खाऊन टाकतील. मी म्हटलं, खाऊ देत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाळणाघरात चपला काढून आत गेले, तेव्हाच काकूंना काहीतरी खटकलं. ढब्बू ठोकळ्यांपाशी बसली होती. मी तिच्यासमोर उकिडवी बसले, तिच्या हातातला ठोकळा काढून घेतला आणि तिचा चेहरा माझ्याकडे वळवला.

"ढब्बू, आई आता कामाला चाललीय. तू जेवशील, झोपशील, उठशील, दूध पिशील. मग आई येणार. आई जातेय, कळलं?"

तिने माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत काहीच हललं नाही. तिने हात पुढे केला, पण माझ्यासाठी नव्हे, ठोकळ्यासाठी. मी तो दिला. माझ्या मनात आलं, उशीर झाला. पाणी द्यायला उशीर झाला, आता काही उलगडणार नाही.

काकू हळू आवाजात म्हणाल्या, अहो, कशाला, चांगली रमलीय. मी उठले. दारापर्यंत गेले, तिला दिसेल अशी उभी राहिले आणि चपला घातल्या. सावकाश, जणू त्यांना बंद होते. मग हात हलवला. दोनदा म्हटलं, आई जातेय.

ठोकळा खाली पडला. तिचा खालचा ओठ, तो अजून सुजलेला ओठ, बाहेर आला. नाकाचा शेंडा लाल झाला. तोंड उघडलं, पण आवाज यायला इतका वेळ लागला की मी श्वास धरून राहिले. मग आला. असा आला की खिडकीवरचं कबूतर उडालं. शेजारचा मुलगा तिच्याकडे बघून रडायला लागला, त्याच्या पलीकडची मुलगी त्या मुलाकडे बघून.

"घ्या," काकू एका मुलाला कडेवर आणि एकाला हाताला धरून म्हणाल्या. "झालं समाधान?"

मी परत आत गेले. काकूंनी कपाळावर हात मारला. ढब्बूला जवळ घेतलं, ती गळ्याला लोंबकळली. तिचं नाक माझ्या खांद्यावर पुसलं गेलं. मी तेच पुन्हा सांगितलं, जेवण, झोप, दूध, आई. तिला काकूंच्या हातात दिलं आणि गेले. माझा हात सोडवताना तिची बोटं एकेक करून काढावी लागली. जिन्यात आवाज माझ्यामागे खालपर्यंत आला. दिवसभर माझा जीव टांगणीला होता. दर थोड्या वेळाने फोन हातात घ्यायचे नि ठेवायचे. आजोबाने दोनदा चहा आणून दिला, न विचारता.

संध्याकाळी मी वेळेच्या आधीच पोहोचले. काकूंचा चेहरा फुगलेला होता. त्यांनी सगळा हिशेब ऐकवला. दुपारपर्यंत मुसमुसत होती, भात नीट खाल्ला नाही, दूध सांडलं, एका मुलाला ढकललं. उद्यापासून असं करणार असाल तर जरा आधी येत जा, म्हणाल्या, मलाही तिला घेऊन बसावं लागतं. मी हो म्हटलं. मनापासून म्हटलं, कारण त्यांनी घेऊन बसेन म्हटलं होतं, नको म्हटलं नव्हतं.

ढब्बूने मला पाहिलं. ती खोलीच्या त्या टोकापासून पळत आली, एकदा अडखळली, आणि आल्याबरोबर तिने माझ्या गालावर चापट मारली. चांगली जोरात. मग गळ्यात पडून रडायला लागली.

घरी येताना ती कडेवरून बोलत होती. अर्धे शब्द तिचे, अर्धे कुणाचेच नाहीत. कोणीतरी बॉल घेतला. कोणीतरी मारलं, की तिने मारलं. दूध पडलं, हे नक्की. काकू काहीतरी. आई नाही, आई नाही, हे मध्ये मध्ये, बोट माझ्या छातीवर आपटत. गल्ली संपेपर्यंत तक्रारी संपल्या नाहीत. मला निम्म्याहून जास्त कळत नव्हतं. प्रत्येक वाक्याला मी, हो का गं, म्हणत होते, आणि एखाद्या वेळी म्हणायचं राहिलं तर ती थांबून, माझी हनुवटी धरून, पुन्हा पहिल्यापासून सांगत होती.